पहिला मान पेंढ्याला

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि एवढ्या वयात मी एकदाही चुकलो नव्हतो. हे माझं मत. दुसऱ्या कुणाचं नव्हतं, पण मला माझं एकट्याचं पुरत होतं.

शाळा माझी तिसरीपर्यंत. मास्तर म्हणाले, चूक झाली म्हण. मी म्हटलं, नाही म्हणणार. ते म्हणाले, मग वर्गाबाहेर हो. मी झालो तो झालोच. पुढे मास्तर वारले, शाळेचं छप्पर वादळात गेलं, माफी अजून माझ्याकडेच शिल्लक आहे. तेव्हा लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चूक झाली असं मी म्हणणार नाही.

लिहायचंय ते कंडक्टरबद्दल. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. आमच्या खोऱ्यातल्या मुक्कामी एसटीवर त्याची सगळी नोकरी गेली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी महाडहून सुटायची, नदीपलीकडच्या गावात रात्रभर उभी राहायची आणि सकाळी परत. निवृत्त झाल्यावर माणूस घरी जातो. हा शेवटच्या स्टॉपवर येऊन राहिला. बायको वारलेली, मुलगी विरारला. तिनं बोलावलं तर म्हणाला, "इतकी वर्षं इथं झोपलो, दुसरीकडं डोळा लागत नाय." पुढे मुक्कामी गाडी बंद झाली. कंडक्टर मात्र तिथेच मुक्कामी राहिला.

खाकी शर्ट त्यानं कधी सोडला नाही. डावा खांदा पिशवीच्या पट्ट्यानं खाली गेलेला. पिशवी सरकारजमा झाली, खांदा काही वर आला नाही. सुपारीचं व्यसन. बोलताना अडकित्ता वाजवत राहायचा, टिक टिक, जसा तिकिटाचा चिमटा. सगळ्या जगाला तो 'प्रवासी' म्हणे. कुणाच्या घरी गेला तर बसत नसे. पडवीचा वासा एका हातानं धरून उभा राहायचा, आणि चहा घेताना घर वळण घेत असल्यासारखा थोडा कलायचा. खुर्ची पुढे केली की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, पुढं कुणी म्हातारं चढंल." तो स्वतः साठीच्या पुढचा होता.

निघताना त्याची एक खोड होती. कुठूनही निघाला, बारशातून, ग्रामसभेतून, की दारात वळून मोठ्यानं विचारायचा, "कुणी ऱ्हायलं का?" एकदा आमच्या भावकीतली एक म्हातारी गेली. अग्नी देऊन सगळे परत फिरले, आणि सवयीनं याच्या तोंडून गेलं, "कुणी ऱ्हायलं का?" सगळ्यांनी मागं वळून चितेकडे पाहिलं. सुतकात हसू नये म्हणतात. मी नाही हसलो. मी खोकलो.

आता नदीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या वाडीखालून नदी जाते. अलीकडे महाड तालुका, पलीकडे पोलादपूर. मध्ये साकव, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोघांतल्या एकानं अंग चोरावं एवढाच पूल. ट्रक जाईल असा रस्ता पलीकडे, आमच्याकडे पायवाट. शिमग्यात दोन्ही गावच्या पालख्या या साकवाशी भेटायच्या. देवी बहिणी-बहिणी. धाकटीनं थोरलीपुढे वाकायचं अशी रीत. थोरली कोण याबद्दल देवींची काही तक्रार नव्हती, आमची होती. एका शिमग्याला दोन्हीकडच्या भोयांनी पालख्या खांद्यावर घेऊन ताठ उभं राहायचं ठरवलं. ऊन कलंडलं, कुणी वाकलं नाही. तेव्हापासून भेट बंद. आमच्या बाजूनं ताठ राहा सांगणारा मी, त्यांच्या बाजूनं सांगणारा माझा साडू. म्हणजे बहिणी-बहिणी आमच्या घरांतही होत्या. त्यांची भेट कधी बंद झाली नाही. त्या खुशाल साकवावरून ये-जा करायच्या आणि आम्हा दोघांना नावं ठेवायच्या. मी मात्र त्या दिवसापासून साकवावर पाय ठेवला नाही. लग्नाला, मयताला, कशालाच नाही. लोक म्हणायचे, माणूस शब्दाचा पक्का. बायको म्हणायची, "पक्का न्हाय, पिकल्यालाच न्हाय."

आमचं पोट डोंगरावर. आधी लाकूड विकलं, मग कोळसा पाडून विकला, मग उरलेलं लाकूड विकलं. डोंगर आम्ही चुलीत नाही घातला, ट्रकात घातला. ट्रक येत होते तोवर सगळ्यांना वाटायचं आपण बागायतदार आहोत. झाडं संपली तसे ट्रक संपले. पोरं बिरवाडीत खोल्या घेऊन कंपनीत लागली, काही वीर स्टेशनात गाडी पकडून मुंबईला गेली. मागं आम्ही म्हातारे, बायका, शाळकरी पोरं, आणि घरांच्या मागच्या उतारावर फणसांची एक रांग.

मग एकवीसचा पाऊस झाला. दरडीखाली गेलेलं तळीये आमच्यापासून लांब नाही, तिथं आमच्या सोयरिकी होत्या. त्यावर मी लिहिणार नाही. आमच्या उतारालाही भेग पडली होती. ती फणसांच्या मुळांशी येऊन थांबली. पलीकडच्या गावात पुराची रेती शेतात बसली, त्यांना त्या साली भात नाही की पेंढा नाही.

आणि त्याच फणसांना लाकूडवाला चुन्याचे पट्टे मारून गेला. त्याला बोलावलं कुणी? आम्हीच. शिमगा झाला की तोडायचे असं गावकीत ठरलं होतं. मुळं माती धरून आहेत हे कळत नव्हतं असं नाही. कळणं वेगळं आणि चूल वेगळी.

कंडक्टर एक दिवस आमच्या बाजूला आला तेव्हा त्यानं ते पट्टे पाहिले. एका फणसाचं खोड बसच्या दांड्यासारखं धरून उभा राहिला.

"काय प्रवासी, झाडांचं रिझर्वेशन झालं वाटतं?"

"लाकूडवाला घेतोय," मी म्हटलं.

"झाड एकदाच इकतं. फणस दर साली इकतो."

"फणस घेतो कोण? खाली पडून सडतात. गुरं पण तोंड फिरवतात."

"वाशीला कोवळा फणस भाजीला जातो. माझ्या वळखीचा यापारी हाय, गाडीनं यायचा, सुट्ट्या पैशावरनं भांडायचा."

"मग इतकी वर्षं त्यानं ट्रक नाय धाडला तो?"

अडकित्ता टिक टिक वाजला. "तुमचं फणस किती? ट्रकाचा एक कोपरा. पलीकडचं किती? दुसरा कोपरा. वरच्या वाड्यांचं म्हंजे मधली जागा. अर्धी गाडी कुणी सोडत नाय. भरली तर सुटते."

"म्हंजे पलीकडच्यांसंगती?"

"शेजारच्या शीटवर कोण हाय ते बघत नसतात, प्रवासी. उतरायचं ठिकाण बघतात."

त्यानं आधी सरळ मार्गानं करून पाहिलं. संस्था काढायची म्हणून हिंडला. एका तालुक्यात सांगितलं, तुमची अर्धी गावं त्या तालुक्यात, तिकडे जा. त्या तालुक्यात सांगितलं, अर्धी या तालुक्यात, इकडे या. दोन हेलपाटे झाल्यावर म्हणाला, "हे परतीचं तिकीट संपायचं नाय. आपली सावड हाय की." सावड आमच्याकडे जुनी. आज तू माझ्या लावणीला ये, उद्या मी तुझ्या. तिला कागद लागत नाही, फक्त तोंडानं विचारावं लागतं. आणि दोन गावांची तोंडंच एकमेकांकडे नव्हती.

तर मग साकवावर बैठक झाली. मी आमच्या काठावर, साडू त्याच्या काठावर, आणि कंडक्टर मधोमध तार धरून उभा. हयातभर 'मधे उभं ऱ्हाऊ नका, पुढं सरका' असं ओरडलेला माणूस, त्याच्यावर ही पाळी आम्ही आणली.

मी म्हटलं, "कंडक्टर, त्याला सांग, गाडी त्याच्या गावात उभी ऱ्हाणार, तर माल पहिला आमचा चढणार. पहिला मान आमचा."

नदीला तेव्हा पाणी गुडघाभर, आवाज काही नव्हता. साडूला सगळं ऐकू गेलं. तो म्हणाला, "कंडक्टर, त्याला सांग, गाव आमचं, रस्ता आमचा. पहिला मान आमचा."

कंडक्टर म्हणाला, "दोघांनी आयकलंत. परत सांगू?"

"सांग," आम्ही दोघं म्हणालो. एवढीच एक गोष्ट आम्ही एका सुरात बोललो. त्यानं दोन्हीकडे तोंड करून अक्षर न गाळता सांगितलं.

मग तो साडूच्या काठावर गेला, त्याच्या कानाशी काही बोलला. साडूनं माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बरं. पहिला मान त्यांचा."

इथं मला संशय यायला हवा होता. हा माणूस माझ्या लग्नात जेवायला बसताना पाटावरून भांडला होता. तो एवढ्यात ऐकतो? पण मान मिळाला की माझी अक्कल पान खायला जाते. मी त्याच वेळी आणखी दोन कलमं घातली: आमचा एकही फणस दुसऱ्याच्या मागं नको, आणि माझ्या थोरल्या झाडाचा पहिला फणस सगळ्यांच्या आधी, हळदकुंकू लावून.

"मंजूर," कंडक्टर म्हणाला. चेहरा असा, की हसतोय की सुपारी चावतोय ते कळेना. "पण आमचं बी एक हाय. गाडी एक, तिकीट एक. फायदा झाला तर सगळ्या वाड्यांचा, नुकसान झालं तर सगळ्या वाड्यांचं. मधल्या स्टॉपवर कुणी उतरायचं नाय."

गावकीत ठरलं, ही एक गाडी बघायची. जमली तर चुन्याचे पट्टे पुसायचे, नाही जमली तर लाकूडवाल्याला निरोप.

गाडी आली त्या दिवशी आमची माणसं फणस डोक्यावर घेऊन साकवावरून रांगेनं गेली. मी काठावर उभा राहून हुकूम सोडत होतो. नारळ फुटला. माझा थोरला फणस, नवरदेवासारखा कुंकू लावलेला, पहिला आत गेला. त्याच्यावर आमच्या वाडीचा सगळा माल. त्यावर वरच्या वाड्यांचा. शेवटी, पार वर, हवेशीर, साडूच्या गावाचा.

कळलं का कुणाला? मला नाही कळलं. मी संध्याकाळपर्यंत ओटीवर मांडी ठोकून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाशीहून फोन आला, बायकोच्या मोबाइलवर. माझ्याकडे मोबाइल नाही. कुणाला गरज असेल तर येईल, हे माझं धोरण. व्यापारी म्हणाला, वरचा माल एक नंबर, मधला बरा, खालचा थर गेला. उघड्या लोखंडावर घाटाचे हादरे, वर सगळ्या खोऱ्याचं वजन. काही फुटले, काहींचा चीक वाहून एकमेकांना चिकटले. एका फणसाला लाल काहीतरी लागलं होतं, ते रक्त का काय म्हणून हमालांनी हातच लावला नाही.

बायको फोन ठेवून म्हणाली, "पयला मान मिळाला ना? खाली पडून मिळाला."

मी म्हटलं, "गो, तुला यातलं काय कळतं?"

"मला नाय कळत. भाकरीच्या टोपलीत पयली भाकरी तळाला जाती, एवढंच कळतं."

गावकी जमली. लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी वाशाकडे. एक जण म्हणाला, लाकूडवाल्याला बोलवा, निदान तो झाड उभंच मोजतो. व्यापाऱ्याचा निरोप होता की उद्या सकाळी त्याची रिकामी गाडी पोलादपुरावरून परत जाताना वळवतो. पुन्हा तळ फुटला तर परत फोन करू नका. म्हणजे उद्या गाडी नीट भरली तर फणस उभे राहणार, नाही तर पाऊस यायच्या आत तो उतार बोडका. मी म्हटलं, "सकाळी सांगतो." काहीच सुचत नसलं की पुढारी हेच म्हणतात.

तेवढ्यात साडूच्या गावचा निरोप आला. आमच्या खालच्या थराचं नुकसान त्यांनी ठरल्याप्रमाणे वाटून घेतलं होतं. एक शब्द वाकडा नाही. साडूनं शिवी दिली असती तर मला झोप लागली असती. हे असं समजूतदारपणे वागून त्यानं माझा घात केला.

दिवे लागायच्या सुमाराला कंडक्टर आला. पडवीचा वासा धरला.

मी म्हटलं, "तुला ठाऊक व्हतं."

"गाडीत पयला चढतो त्याला काय मिळतं, प्रवासी?"

"खिडकी."

"ती माणसांची गाडी. ही मालाची."

"मग बोलला का नायस?"

"शीट बदला म्हटलं की प्रवासी भांडतो. पाय आखडलं की आपणच उठतो." टिक टिक. "उद्या पयला मान कुणाचा, ते इचारायला आलोय."

"त्यांचा," मी म्हटलं. "आमचं मन मोठं हाय."

"त्यांना इचारून आलो. ते म्हणतात, नको नको, तुमचाच."

असं ते थोडा वेळ चाललं. इतकी वर्षं पहिल्या मानासाठी भांडलेली दोन गावं आता तो एकमेकांच्या गळ्यात घालत होती. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मग उद्या पयला मान पेंढ्याला. खाली जाड थर, दोन थरांच्या मधी परत पेंढा. त्यांच्याकडं औंदा काडी नाय. तुमच्या दारात उडवी हाय."

उडवी म्हणजे पेंढ्याची रचलेली गंजी. माझी उडवी वाडीत सगळ्यांत उंच. मी म्हटलं, "तो पेंढा माझ्या बैलांचा हाय."

आतून बायकोचा आवाज आला, "बैल कवाच इकलं. लोकांना वाटावं बैल हायत, म्हणून उडवी ठेवलीय दारात."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं नाही. ही त्याची खानदानी रीत. तिकीट नसलेला प्रवासी सापडला की तो आधी खिडकीबाहेर बघायचा, माणसाला खिसे चाचपायला वेळ द्यायचा. तसाच तो अंगणाकडे बघत राहिला.

"पोरांकडनं धाडतो भारे," मी म्हटलं.

"धाडा. पण तुमचा साडू काय म्हणाला सांगू? म्हणाला, पेंढा घ्यायला मी उभा ऱ्हाईन, पण देणाऱ्यानं हातानं द्यायचा. सावड हाय ही. सावड कुणी पोरांकडनं करतं?" पायरी उतरला, आणि वळून अंगणभर नजर टाकत विचारलं, "कुणी ऱ्हायलं का?"

अंगणात मी एकटाच होतो.

त्यानंतर दर साली गाडी जाते. आता करवंदं, शिकेकाई, कोकम असं बरंच काही जातं, वाड्याही वाढल्या. साडूच्या शेतातली रेती दोन्ही गावांनी सावडीनं उपसली. थोरली देवी कोण ते अजून ठरलेलं नाही, पण पालख्या भेटतात. दोन्ही एकदमच वाकतात, तोल जातो, भोई एकमेकांना शिव्या देतात, झकास होतं. आमच्या फणसांवरचा चुना पावसानं धुतला. आम्हाला पुसावा लागला नाही.

कंडक्टर गेल्या साली गेला. मुलगी विरारहून आली होती. मी खांदा दिला, डावा. अग्नी देऊन परत फिरलो तर सगळेच चार पावलांवर थांबले. विचारणारा नव्हता. मग तसेच चालू लागलो.

त्याच्याबद्दल लोक खूप सांगतात. खोरं एक केलं म्हणतात, फळं देणारा माणूस म्हणतात. मला लिहून ठेवायचंय ते वेगळंच आहे, आणि त्याला तिऱ्हाईत साक्षीदार तोच एकटा होता.

तर त्या रात्रीनंतरची सकाळ. उजाडताच मी उडवी मोडली. एवढा मोठा भारा बांधला की डोक्यावर घेतला तर माझा चेहरा कुणाला दिसू नये. पोरांना म्हटलं, तुम्ही मागून या. साकवावर पाय ठेवला. इतक्या वर्षांनी तो हलतो हेच विसरलो होतो. भाऱ्याखालून फक्त माझे पाय आणि फळ्या दिसत होत्या. वाटलं, कुणी ओळखणार नाही, पेंढा ठेवीन नि मागच्या मागं फिरेन.

पलीकडे उतरलो तर समोर दोन पाय. त्यातल्या उजव्याचा अंगठा वाकडा. लहानपणी नांगराखाली आलेला. साडूचा.

"या," तो म्हणाला. "चालीवरनं वळखलं."

डोक्यावरचा एवढा भारा एकट्यानं नीट उतरवता येत नाही. टाकता येतो, पण मग सुटतो, विखुरतो. दुसऱ्यानं पुढून धरावा लागतो आणि दोघांनी मिळून वाकावं लागतं. मी काही 'धर' म्हणालो नाही. तो काही 'उतरवू का' म्हणाला नाही. मानेची शीर ताठ झाली होती. ट्रक मागं उभा, बायामाणसं फणस घेऊन खोळंबलेली. कंडक्टर ट्रकच्या फाळक्याला धरून उभा होता. अडकित्त्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्यानं हात पुढे केला नाही. करू शकला असता.

मग आम्ही वाकलो आणि भारा खाली ठेवला. पेंढ्याचा पहिला थर दोघांनी मिळून ट्रकात पसरला.

आधी कोण वाकलं यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. साडू म्हणतो, मी. कंडक्टरला विचारलं की तो सुपारी चावायचा, आणि आता तर विचारायची सोयच राहिली नाही. म्हणून इथे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो. आधी साडू वाकला.